जुनी गाडी घेताना किती पाडून मागायचं?

खानापूरहून बेळगावला रोज कामाला येणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी निपाणीत एक अ‍ॅक्टिव्हा हेरली. पाच वर्षं वापरलेली, एमएच-०९ पासिंगची. मालक कागलचा, नोकरीला निपाणीत. त्याने ५५,००० सांगितले. ताईंनी मेसेज टाकला, "३०,००० ला देता का?" उत्तर आलं, "ताई, तुम्ही सायकल घ्या," आणि नंबर ब्लॉक. त्यांचा भाऊ म्हणतो, जुन्या मालाला निम्म्यापासूनच सुरुवात करायची असते. ताईंना वाईट वाटलंय. एवढं पाडून मागणं चुकीचं आहे का, आणि मागायचं तर किती, असं त्या विचारतात.

मी ८ वर्षं उद्यमबागेत गॅरेजमध्ये काम केलं आणि गेली २२ वर्षं बेळगावात जुन्या दुचाकींची देवघेव करतोय. दिवसातून दोन-चार वेळा तरी मी कुणाला तरी कमी भाव सांगतो, आणि तितक्याच वेळा कुणीतरी मला सांगतं. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

ताई, तुम्ही ३०,००० ऐवजी ४०,००० मागितले असते तरी तो माणूस नाराज झालाच असता, थोडा कमी झाला असता एवढंच. तुम्ही गाडी बघितली नव्हती. तिचे टायर कसे आहेत, इंजिनाचा आवाज कसा आहे, विमा आहे की संपलाय, काही माहीत नव्हतं. तरी तुम्ही तिची किंमत केलीत. विकणाऱ्याच्या कानाला ते असं लागतं की, तू काय विकतोयस याच्याशी मला देणंघेणं नाही, पडलेला भाव मिळाला तर बघू. कमी भावाचा राग माणसाला फार येत नाही. न बघता केलेल्या भावाचा येतो. आणि त्यात "शेवटचं किती?" हा प्रश्न पहिल्याच मेसेजमध्ये आला की माझ्यासारखा धंदेवाला सुद्धा उत्तर द्यायचं टाळतो. सुरुवातच झालेली नसताना शेवट कसला सांगायचा?

लहानपणी मी मामाबरोबर चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत बैलांच्या बाजाराला जायचो. तिथला सौदा ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. घेणारा आधी बैलाभोवती फिरणार, दात बघणार, खूर बघणार, चार पावलं चालवून बघणार. मग घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरणार, वर टॉवेल टाकणार, आणि टॉवेलखाली बोटांनी भाव चालणार. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणी किती मागितलं आणि कोण कुठं थांबलं, हे त्या दोघांनाच ठाऊक. मामाने एकदा एका खिलार जोडीला फारच कमी बोट दाबलं. समोरचा म्हातारा हसला, हात सोडला नाही, त्याने आपलं बोट दाबलं. सौदा झाला. तोच आकडा मामा चारचौघांत मोठ्याने बोलला असता तर म्हातारा बैल घेऊन घरी गेला असता. कमी भाव सांगायला माणसाची इज्जत राखणारी जागा लागते. म्हणून मी कधीही गल्लीत, शेजाऱ्यांसमोर किंवा बायकामुलांसमोर आकडा बोलत नाही. "जरा इकडं या की" म्हणून मालकाला गाडीच्या पलीकडं नेतो आणि तिथं सांगतो. ऑनलाइन जाहिरातीखाली सगळ्यांना दिसेल असा भाव टाकणं म्हणजे टॉवेल काढून टाकण्यासारखं आहे.

आता निम्म्याची गोष्ट. तुमच्या भाऊरायांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. काही बाजारांत तोंडभाव दुप्पट सांगायची रीत असते, तिथं निम्म्यापासून सुरुवात करावीच लागते. पण घरगुती मालकाने जाहिरात टाकलेली गाडी वेगळी. त्याने तशाच चार गाड्यांचे भाव बघून स्वतःचा आकडा काढलेला असतो आणि वर घासाघिशीसाठी थोडी जागा ठेवलेली असते. माझ्या अनुभवात ही जागा दहा टक्क्यांच्या आसपास असते. कारण दाखवून मागितलं तर वीस-पंचवीस टक्के खालचा आकडाही तो ऐकून घेतो. त्याच्याखाली जायचं असेल तर गाडीत तसा मोठा दोष दाखवता आला पाहिजे. हे आकडे माझ्या दुकानातले, बेळगाव शहरातले आहेत. अथणी-रायबागकडं उसाची बिलं हातात आली की गाड्यांना गिऱ्हाईक वाढतं आणि मालक हलत नाहीत. तीच गाडी आषाढातल्या पावसात तीन-चार हजारांनी खाली येते. दसऱ्याला लोक नवी गाडी घेतात, त्यामुळं दसऱ्यानंतरच्या दोन आठवड्यांत जुन्या गाड्या भरपूर येतात. मे-जूनमध्ये शिक्षण संपवून गावाला परतणारी कॉलेजची मुलं विकतात. मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या सेंटरमधल्या जवानांची बदली निघाली की त्यांना आठ दिवसांत गाडी काढायची असते. अशा माणसाला "आज संध्याकाळी पैसे देऊन नेतो" हे वाक्य दोन हजारांपेक्षा मोलाचं वाटतं. घाईत असलेल्याला मी कमी भाव सांगतो, पण त्याची घाई खरोखर मिटवतो. त्याला चार दिवस लटकवून ठेवून आणखी पाडून मागणं मला जमत नाही.

तुमच्या गाडीत मात्र एक मोठं कारण होतं, ते तुमच्या लक्षातच आलं नाही. तिचं पासिंग कोल्हापूरचं आहे.

आपल्या भागात एमएच-०९ आणि केए-२२, केए-२३ एकाच रस्त्यावर फिरतात, त्यामुळं फरक जाणवत नाही. कागदावर फरक मोठा आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणं दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी इथं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथं नव्याने नोंदवावी लागते. त्यासाठी आधी कोल्हापूरच्या आरटीओकडून ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८ ची एनओसी आणायची. मग इथं कर्नाटकाचा रोड टॅक्स भरायचा. तो गाडीचं वय आणि मूळ किंमत बघून ठरतो, म्हणून नेमका आकडा आरटीओत जाऊन काढून घ्या. शिवाय मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, नाहीतर आरसीवरचा बोजा उतरत नाही. हा सगळा खर्च आणि हेलपाटे तुमच्या वाट्याला येणार. कागलच्या माणसाला हे जाणवत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर कोल्हापूरचा भाव आहे आणि तिथं तो बरोबरच आहे. तुम्ही त्याला सांगायचं, "दादा, कोल्हापुरात गिऱ्हाईक मिळालं तर तुमचा भाव ठीक आहे. मला खानापुरात चालवायची आहे. इकडं आणायचा खर्च मी करणार, तेवढा तुम्ही सोडा." यात त्याच्या गाडीला नाव ठेवलेलं नाही. त्याला राग यायचं कारणच उरत नाही.

आता हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, गाडीचा सांगितलेला भाव ५५,०००. टॅक्स, नोंदणी आणि धावपळ मिळून ८,०००. दोन्ही टायर बदलायला आलेत, ३,२००. बॅटरी उतरलीय, १,६००. विमा संपलाय, थर्ड पार्टी तरी लगेच घ्यावाच लागेल, ९०० धरा. एकूण १३,७००. म्हणजे तुमच्या दृष्टीने गाडीची किंमत ४१,३०० होते. मी असतो तर ३८,००० पासून सुरुवात केली असती आणि ४३,००० च्या वर न जायचं घरातूनच ठरवून निघालो असतो. बघा, तुमच्या ३०,००० पासून हा आकडा आकाशाएवढा लांब नाही. पण ३८,००० मागे चार ओळींचा हिशेब उभा आहे. समोरचा एखादी ओळ खोडू शकतो. "टायर मी गेल्याच वर्षी घातलेत," असं म्हणेल. मग बोलणं टायरवर होतं. एकमेकांच्या लायकीवर जात नाही.

टायरचं निघालंच आहे तर एक गोष्ट जवळून दाखवतो. टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ३२२१ असेल तर तो टायर २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. मालक म्हणाला "गेल्या वर्षी घातला" आणि आकडे पाच वर्षांपूर्वीचे निघाले, तर त्याला खोटं पाडू नका. बसा, बोट ठेवा, आणि विचारा, "हे काय लिहिलंय बघा की." त्याने स्वतः वाचलं की पुढचं बोलायची गरज राहत नाही. माझे निम्मे सौदे अशा एका बोटावर झालेत.

तसंच इंजिन. जायच्या आधी फोनवर सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाजवळ हात नेऊन बघा. कोमट लागलं तर कुणीतरी आधी सुरू करून ठेवली आहे, म्हणजे थंड गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल. सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ती ऑइल जाळते, आणि तिथं दोन-तीन हजारांची घासाघीस करण्यापेक्षा गाडी सोडून देणं बरं. पायाखालचं रबरी मॅट उचला. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात फिरलेल्या स्कूटरचा पत्रा तिथं खालून खाल्लेला असतो. चोर्ला घाटातून वर येणाऱ्या गोव्याच्या गाड्यांना समुद्राच्या हवेने तसाच गंज धरतो. किलोमीटरचा काटा कमी दाखवत असेल आणि ब्रेकच्या लिव्हरची टोकं व हँडलचं रबर घासून गुळगुळीत झालं असेल, तर मी लिव्हरवर विश्वास ठेवतो.

हे सगळं बघायला वीस मिनिटं लागतात. या वीस मिनिटांत मालकही तुम्हाला बघत असतो. ही बाई खरंच घेणार आहे, हिला गाडीतलं कळतं, असं त्याला वाटायला लागतं. मग तुमचा कमी आकडा तो ऐकून घेतो. आकडा सांगितला की गप्प बसायचं. नवीन माणसाला हे फार जड जातं. ३८,००० म्हटल्यावर समोरचा दहा सेकंद काही बोलत नाही, आणि आपणच घाबरून "बरं, ४० घ्या" म्हणून मोकळे होतो. मीही सुरुवातीची दोन वर्षं असाच पैसे घालवत होतो. एकदा शहापुरातले एक मालक माझा आकडा ऐकून नुसते गाडीकडं बघत राहिले. मी ओठ दाबून उभा राहिलो. शेवटी ते म्हणाले, "काय मागूलास रे हे?" आणि मग स्वतःच म्हणाले, "बरं, आणखी एक हजार घाल आणि घेऊन जा."

समोरचा कन्नड बोलणारा असेल तर बिचकू नका. गोकाक-बैलहोंगलकडं मी अर्धा व्यवहार मोडक्या कन्नडात करतो. "स्वल्प कडिमी माडरी", म्हणजे "थोडं कमी करा", एवढं तोंडभर हसून म्हटलं की समोरचा आपल्याच माणसाशी बोलल्यासारखा बोलायला लागतो. भाषेवरून भाव कमी-जास्त होतो हा समज काढून टाका. माणूस परका वाटला की होतो, आणि दोन शब्द त्याच्या बोलीतले आले की परकेपणा पुष्कळ कमी होतो.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, आधी बघा, कारण दाखवा, बाजूला नेऊन सांगा, सांगितल्यावर थांबा. आकडा किती, हे या चारांनंतर येतं.

पण पाडून मागायलाही एक जागा असते, आणि ती कुठं संपते हे मला एका गाडीने शिकवलं. पंधराएक वर्षं झाली असतील. अनगोळमध्ये एक बाई नवऱ्याची स्कूटर विकत होत्या. तो गेल्याला चार महिने झाले होते. त्यांनी १८,००० सांगितले. मी नेहमीच्या सवयीने ११,००० म्हटलं आणि गप्प राहिलो. त्यांनी दारात उभ्या असलेल्या मुलाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "न्या." एवढंच. मी खूश झालो. घरी आणून डिक्की उघडली तर आत घडी घातलेला रेनकोट होता, आणि त्याच्या खिशात त्यांच्या नवऱ्याचा चष्मा.

पुढं कागदाचं काम निघालं. आरसी अजून नवऱ्याच्या नावावर होती. मालक वारला असेल तर गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करावी लागते, बाकी वारसांची संमती लागते, मगच पुढं विकता येते. हे मी आधी सांगायला हवं होतं आणि त्यांना विचारायलाही हवं होतं. त्या बाई तीन वेळा माझ्याबरोबर आरटीओत आल्या. शिवणकाम करायच्या, तीन दिवसांचं काम बुडालं. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. त्यांनी "मला वेळ नाही" म्हटलं असतं तर माझे ११,००० अडकून पडले असते. तिसऱ्या दिवशी मी चष्मा परत केला आणि ४,००० मुलाच्या हातात ठेवले. त्या नको म्हणत होत्या. त्या गाडीचा खरा भाव १५,००० होता, हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं.

तेव्हापासून माझ्या पहिल्याच आकड्याला कुणी लगेच "न्या" म्हटलं तर मी थांबतो आणि विचारतो, काय अडचण आहे. दवाखाना असतो, फी असते, कधी भाव माहीत नसतो. तिथं मी स्वतः भाव वाढवून सांगतो. याने धंद्यात मी मागं पडलो नाही. अनगोळच्या त्याच गल्लीतून नंतर सात-आठ गाड्या माझ्याकडं आल्या.

आणि यात शुद्ध व्यवहारही आहे. जुना फ्रिज किंवा शिलाई मशीन घेतलं की पैसे दिले, संपलं. तो माणूस पुन्हा भेटला नाही तरी बिघडत नाही. गाडीचं तसं नाही. पैसे दिल्यानंतर विकणाऱ्याकडं तुमचं काम सुरू होतं. एनओसीचा अर्ज त्याच्या सहीने, ऑनलाइन अर्जाचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर, आधीचे चलन निघाले तर तेही त्यानेच भरायचे. तुम्ही त्याला टोचून, अपमान करून दोन हजार कमी केले असतील, तर महिन्याभराने त्याचा फोन लागत नाही. असे अडकलेले लोक गाडी घेऊन माझ्याकडं येतात. गाडी स्वस्तात मिळाली म्हणून सांगतात आणि दीड वर्ष झालं तरी ती दुसऱ्याच्याच नावावर असते. म्हणून एमएचची गाडी घेताना मी सुरुवातीला एक-दोन हजार इसार देतो, कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतो, आणि बाकीची रक्कम एनओसी हातात पडल्यावर देतो. विकणाऱ्यालाही हे चांगलं, कारण गाडी त्याच्या नावावर राहिली आणि अपघात झाला तर नोटीस त्याच्याच दारात येते. हे त्याला समजावून सांगितलं की तोच कागदाची घाई करतो.

आता तुमच्या गाडीचं. मला वाटतं ती अजून हातची गेलेली नाही. भावाच्या फोनवरून त्याला फोन करा, मेसेज नको. सांगा की मी गाडी न बघता बोलले, ते चुकलं, रविवारी निपाणीला येऊन बघायची आहे. किमतीबद्दल एक शब्दही काढू नका. त्याने विचारलं तरी "बघून बोलू" म्हणा. गाडी नंबर मागून घ्या आणि एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, विमा आणि कर्जाचा बोजा आदल्या रात्रीच बघून ठेवा. बोजा दिसला तर बँकेचं पत्र आहे का, एवढं विचारूनच एसटीत बसा. सकाळी दहाच्या आत पोचा, उजेडात रंगातला फरक दिसतो. वरचा आकडा चिठ्ठीवर लिहून भावाच्या खिशात ठेवा, म्हणजे तिथं गाडी आवडली म्हणून तुम्ही तो ओलांडणार नाही. इसाराचे पैसे वेगळे ठेवा. आणि बरोबर एक जुनं फडकं न्या. चेसिसचा नंबर धूळ आणि ऑइलखाली असतो, पुसल्याशिवाय तो आरसीशी ताडून बघता येत नाही.